चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आमच्या घरात कौतुकाने कधी कोणी उच्चारली नाही. दरवर्षी खोली बदलणारा भाडेकरू, फिरतीची नोकरी करणारा मामा, अशांच्या वाट्याला ती यायची. आम्ही स्वतः एकाच वाड्यात तीन पिढ्या काढलेली माणसे. त्यामुळे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मी स्वतःच विंचू झालो, हे सांगताना जरा ओशाळल्यासारखे होते.

चिरंजीव डेन्व्हरजवळ राहतात. आम्ही उभयता तिकडे गेलो तेव्हा त्यांनी चार दिवसांसाठी एक आर. व्ही. भाड्याने घेतली. आर. व्ही. म्हणजे राहती मोटार. आमची पंचवीस फूट लांब होती. आत शेगडी, शीतकपाट, जेवायचे टेबल, मागे पलंग आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपीच्या झापेसारखा पुढे आलेला एक माळा. तो माळा आमच्या सात वर्षांच्या नातीने पहिल्याच मिनिटाला बळकावला. न्हाणीघर आणि शौचकूप एकाच कपाटात. साबण हातातून निसटला, तर तो उचलण्यासाठी आधी बाहेर येऊन मग नव्याने आत शिरावे लागे. सौ. ने सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "आपल्या लग्नानंतरची पहिली खोली याहून लहान होती. फक्त ती हलत नव्हती."

हा शोक तिकडे जुना आहे. १९१० साली पिअर्स-ॲरो नावाच्या कंपनीने 'टूरिंग लँडो' नावाची मोटार काढली. तिची मागची बैठक उलगडली की बिछाना होई, शोफरच्या पाठीमागे घडीचे हात धुण्याचे भांडे होते, आणि रात्रीच्या अडचणीसाठी एक भांडेही आत दिलेले होते. पुढे मोटारवाले हेन्री फोर्ड आणि संशोधक एडिसन हे दोघे मित्रमंडळ जमवून मोटारींतून रानावनात तळ ठोकायला जात. लक्षाधीशांनी केली की त्या भटकंतीला सहल म्हणतात. आपल्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांवर चूल, घागर, कोंबड्या आणि पोरे असे अख्खे घर लादलेले असते. त्याला सहल म्हणायचे कोणाच्या मनात येत नाही.

या मोटारीतली खरी मेख शेगडीच्या वर भिंतीत होती. तिथे एक छोटी पाटी आणि तिच्यावर दिव्यांच्या तीन रांगा होत्या. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची आणि एक शौचकुपाची. तिकडे दुसरीला करडी टाकी म्हणतात आणि तिसरीला काळी. बटण दाबले की कोणती किती भरली ते दिवे सांगतात. नातीला हा खेळ फार आवडला. ती दर तासाला बटण दाबून मोठ्याने जाहीर करी, "चांगलं पाणी अर्धं! करडं पाव! काळं पाव!" पुण्यात नळ सोडताना ज्या सौ. ने कधी मागे वळून पाहिले नव्हते, ती या गाडीत तांदूळ धुतलेले पाणी भांडी विसळायला राखून ठेवू लागली.

काळी टाकी भरली की ती रिकामी करावी लागते. त्यासाठी तळांवर ठराविक जागा असतात. हे काम गाडीत राहणाऱ्यानेच करायचे. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायची सोय आमच्या वाटेवर तरी कुठे दिसली नाही. पहिल्या मुक्कामाहून निघताना चिरंजीवांनी हातमोजे चढवले, तेव्हा मी "जरा हरणे दिसतात का बघतो" म्हणून नाकाला रुमाल लावून लांब गेलो. हरणे नव्हती. होती ती लाज, पण तिच्याकडे त्या दिवशी मी पाहिले नाही.

आता सांगायचा तो तिसरा दिवस. एस्टेस पार्क हे डोंगराच्या पूर्व पायथ्याचे गाव. तिथून पश्चिमेच्या ग्रँड लेकपर्यंत जाणारा अठ्ठेचाळीस मैलांचा रस्ता म्हणजे ट्रेल रिज रोड. १९२९ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९३२ मध्ये उंचावरचा भाग वाहनांना खुला झाला. वर्षातले सहा-सात महिने तो बर्फाखाली असतो. साधारण मेच्या अखेरीला उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो. ऑगस्टमध्ये तिथे दुपारी ढग जमून विजा पडतात आणि माथ्यावर आडोशाला झाडही नाही. म्हणून दुपारच्या आत पलीकडे उतरायचे ठरले. टाकी रिकामी करण्याच्या जागी सकाळी गाड्यांची ही रांग! चिरंजीव म्हणाले, "आता थांबलो तर माथ्यावर विजांत सापडू. पलीकडच्या तळावर सोय आहे, संध्याकाळी बघू." नातीने बटण दाबले. "काळं पाऊण!" अशी ती पाऊण टाकी घेऊन आम्ही पर्वत चढायला निघालो.

साडेसात हजार फुटांवरून सुरुवात. आधी पिवळसर खोडांचे उंच पाइन, मग पानांची सळसळ करणारे ॲस्पेन, मग काळपट स्प्रूस आणि फर. जसजसे वर जावे तसतशी झाडे बुटकी होत गेली. शेवटी तर वाऱ्याने सगळ्या फांद्या एकाच बाजूला ढकललेली, कमरेएवढी, ध्वजासारखी झाडे दिसू लागली. आणि एका वळणानंतर झाडे संपलीच. तिथून पुढे अकरा मैल रस्ता झाडांच्या हद्दीच्या वरून जातो. नुसते गवत, खडक आणि आभाळ. उजव्या हाताला दरी आणि बऱ्याच ठिकाणी कठड्याचे नाव नाही. खंडाळ्याच्या घाटात खिडकीशी बसायला भांडणारा मी, इथे हळूच मधल्या जागेवर सरकलो.

रस्त्याचा सर्वांत उंच बिंदू १२,१८३ फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी वर तेराशेहून अधिक फूट उरतात. हवा समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच असते. फडताळातली चिवड्याची पिशवी फुगून उशीसारखी झाली होती. मी खाली उतरून वीस पावले चाललो आणि दादर चढून आल्यासारखा धापू लागलो. तिथे गवतात बोटभर उंचीची निळी, पिवळी फुले होती. त्यांतले एक सूर्यफुलासारखे पिवळे फूल तर कित्येक वर्षे नुसती पाने धरून शक्ती साठवते, एकदाच फुलते आणि मरते. पायाखाली तुडवलेली जागा पुन्हा हिरवी व्हायला कित्येक दशके लागतात, म्हणून काही ठिकाणी गवतावर पाऊल ठेवायलाही बंदी आहे. नात माझा हात धरून फरसबंद वाटेवरून अशी चालत होती, जणू दोन्ही बाजूंना रांगोळी घातली आहे.

या डोंगरधारेवरून मूळच्या रहिवाशांची, यूट आणि अरापाहो लोकांची, पायवाट गेलेली आहे. अरापाहो तिला 'पोरे चालली ती वाट' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. चढ इतका उभा की मुलांना पाठुंगळीला घेणे शक्य नसे. त्यांना आपल्या पायांनीच चालावे लागे. आमची नात मात्र माळ्यावर लोळत, पाय हलवत, चिवडा खात तोच डोंगर चढली होती.

माथ्यापासून थोडे पुढे विश्रांतीची एक इमारत आहे. हिवाळ्यातल्या वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून तिच्यावर लाकडाचे जाडजूड ओंडके जाळीसारखे बसवलेले आहेत. तिथे आम्ही थर्मासमधला चहा प्यालो. सौ. ची तक्रार होती की इकडे चहाला रंगच येत नाही. कारण सरळ आहे. उंचावर पाणी शंभर अंशांपर्यंत पोहोचतच नाही. आम्ही सकाळी चहा केला तिथे ब्याण्णवच्या आसपासच ते उकळून मोकळे होते. डाळ तर उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. म्हणून पुण्याहून पेटीत घालून आणलेल्या आपल्या कुकरचा सौ. ला फार अभिमान वाटत होता.

उतरणीला लागल्यावर मिल्नर पास लागतो. उंची १०,७५८ फूट. या पर्वतातली सर्वांत नवलाची जागा म्हणजे हीच, आणि दिसायला अगदी साधी. एक लहानसे तळे, झाडे आणि एक पाटी. इथे अमेरिका खंडाचा पाणलोट दुभंगतो. पूर्वेकडचे पाणी तळ्यातून निघून नद्या बदलत बदलत मिसिसिपीला मिळते आणि मेक्सिकोच्या आखातात जाते. पश्चिमेकडचे पाणी कोलोरॅडो नदीला मिळून पॅसिफिकच्या वाटेला लागते. पाटीच्या इकडे थेंब पडला तर एक समुद्र, तिकडे पडला तर दुसरा.

मी नातीला म्हटले, "असं आपल्याकडेही आहे. महाबळेश्वरला एकाच देवळातून पाच नद्या निघतात असं मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरते आणि पाहता पाहता अरबी समुद्राला मिळते. कृष्णेला तोच समुद्र सत्तर किलोमीटरही दूर नाही. पण ती पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते."

"का?"

"डोंगराचा उतार तसा आहे म्हणून."

पण माणूस उताराचे ऐकतो थोडाच! या पर्वताच्या पोटातून तेरा मैलांचा एक बोगदा काढून पश्चिमेचे पाणी पूर्वेकडच्या शेतांना आणि शहरांना नेलेले आहे. १९४७ साली त्यातून पहिले पाणी वाहिले. आपणही १९६० च्या दशकात कोयनेचे पूर्वेला जाणारे पाणी सह्याद्रीच्या आतून कोकणात सोडून वीज केली. तिकडे कोलोरॅडो नदीतून वाटेत इतके पाणी उचलले जाते, की ज्या समुद्राच्या नावाने ती निघते तिथपर्यंत ती एरवी पोहोचतच नाही.

नात पाटीला एक हात लावून उभी होती. तिने विचारले, "आणि आपल्या काळ्या टाकीचं पाणी कुठल्या समुद्राला जाणार?"

आम्ही सगळे हसलो. सूनबाई म्हणाली, "ते संध्याकाळी कळेल." पण प्रश्न काही खोटा नव्हता. नद्या कुठे जातात ते मला शाळेपासून पाठ होते. घरातले पाणी मोरीच्या जाळीखाली गेल्यावर त्याचे काय होते, हे मात्र मला कोणी परीक्षेत विचारले नव्हते.

पुढचा उतार नागमोडी. चिरंजीवांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. इंजिन गुरगुरू लागले, पण ब्रेकवर पाय क्वचितच पडत होता. "ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा," असे मी ज्ञान पाजळले. हे वाक्य मी आयुष्यभर एस. टी.त ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ऐकलेले. स्वतः कधी स्कूटरपलीकडे काही हाकलेले नाही. समोरच्या काही डोंगरउतारांवर काळी, जळकी खोडे काड्यांसारखी उभी होती. २०२० च्या ऑक्टोबरात इथे वणवा पेटला आणि आपण आत्ता ओलांडली ती पर्वताची धार उडी मारून पूर्वेकडे गेला. खोडांच्या पायथ्याशी आता कुठे हिरवळ धरली होती. दोन वाजता मागे माथ्यावर गडगडाट सुरू झाला, तेव्हा आम्ही दरीच्या तळाशी कोलोरॅडो नदीकाठी पोहोचलो होतो. पुढे जी प्रचंड होते, ती नदी इथे मुलांनी गुडघाभर पाण्यातून ओलांडावी एवढीच आहे.

तळावर पोहोचलो ते आधी टाकीच्या जागेशी. सिमेंटचा ओटा, मध्ये झाकण असलेले भोक, बाजूला दोन नळ. एक फक्त धुण्याचा, दुसरा पिण्याचा. यावेळी एकही गाडी नव्हती. दिवसभर गाडी हाकून चिरंजीवांचे खांदे आखडले होते, तरी ते मोजे काढायला मागे गेले. मी हरणांची चौकशी करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या लहानपणी काळी टाकी कोण रिकामी करायचं?"

मी म्हटले, "तेव्हा टाकी नव्हती. टोपली होती." आणि पुढे बोलता येईना.

आमच्या वाड्याच्या मागे एक बोळ होता. त्या बोळात संडासांची मागची पत्र्याची दारे उघडत. सकाळी एक बाई येई, पत्रा खरवडल्याचा आवाज होई, आणि डोक्यावर डबा घेऊन ती निघून जाई. तिच्या वाटेत आम्ही मुलांनी यायचे नाही असा दंडक होता. ती भरल्या डोक्याने चालताना बाजूला व्हायचे ते आम्ही, आणि तरी अंग चोरून चालायची ती. दिवाळीला ती पोस्त मागायला येई. आजी जिन्यातून तिच्या पदरात फराळ वरून टाकी. एखादी करंजी खाली पडे, ती उचलून ती पदरात घेई. तिचे नाव मला माहीत नाही. घरात कोणालाच ते माहीत नव्हते. जातीचे जे नाव होते, तेच तिचे नाव.

आणि याच वर्षांत मी शाळेत अप्पासाहेब पटवर्धनांवर निबंध लिहून बक्षीस मिळवले होते! १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात 'मला भंगीकाम करू द्या' असा आग्रह या माणसाने धरला. उच्च जातीचे म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडले. हे सारे मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. घरी येऊन बक्षिसाचे पुस्तक आजीला दाखवले. मागच्या बोळात मात्र मी गेलो नाही. पुढे वाड्यात नळाचे संडास आले, आणि ती बाई यायची थांबली. ती कुठे गेली, तिचे काय झाले, हे आम्ही विचारले नाही. आम्हांला सुटल्यासारखे वाटले. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला तो १९९३ साली आणि त्याहून कडक दुसरा २०१३ साली. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याची बातमी अजूनही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतेच.

यातले थोडेसेच मी नातीला सांगितले. तिने एवढेच विचारले, "तिला मोजे होते?"

"नाही."

चिरंजीव मोजे घेऊन आले. मी हात पुढे केला. ते म्हणाले, "बाबा, राहू द्या. तुम्ही कशाला?" मी म्हटले, "चार दिवस टाकी भरतोय तो मीही." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मोजे दिले.

काम अवघड नाही. जाड नळी गाडीच्या पोटाशी फिरवून बसवायची आणि दुसरे टोक भोकात घट्ट खोचायचे. आधी काळ्या टाकीची खीळ ओढायची. मग करड्या टाकीची, म्हणजे मोरीचे साबणाचे पाणी मागून येते आणि नळी धुऊन निघते. मी खीळ ओढली. आवाज झाला, वास आला. तो वास मी ओळखला. साठ-पासष्ट वर्षांनी तो जसाच्या तसा होता, फक्त आता मी बोळाच्या या बाजूला होतो. चिरंजीव शेजारी उभे राहून नळी सांभाळत होते. मी एकदा तोंड फिरवले आणि पुन्हा वळवले. पाच-सात मिनिटांत सगळे आटोपले. ओटा धुतला, झाकण लावले. माझे हात मोज्यांत होते, पायांत बूट होते, आणि हे काम मला उद्या पुन्हा करायचे नव्हते. तिच्याशी बरोबरी झाली, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही.

आत आलो तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी होत होती. पूर्वीची सौ. असती तर "आधी आंघोळ" म्हणून दारातच अडवले असते. ती म्हणाली, "हात दोनदा धुतलेत ना? मग बसा." खिचडी मऊ शिजली होती. वर तूप आणि भाजलेला पापड. बाहेर पाऊस आला, आणि गाडीच्या छपरावर तो आमच्या वाड्याच्या पत्र्यावर वाजायचा तसाच वाजू लागला.

निजण्यापूर्वी नातीने पुन्हा बटण दाबले. "काळं रिकामं! करडं रिकामं! चांगलं पाव!" मग माळ्यावरून डोके खाली काढून तिने विचारले, "आजोबा, तिचं नाव काय होतं?"

"मला माहीत नाही, बाळ."

"मग विचारायचं ना."

ती झोपली. मी अंधारात बराच वेळ तिचा चेहरा आठवत होतो. चेहरा आठवला नाही. पत्र्याचा आवाज तेवढा ऐकू आला.